‘खोट्या’ चांदीची बाजू

दिवाळी आली की आपल्या घरांत माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक आकाशकंदिलाचा सांगाडा आणि दुसरी वाडवडिलांची भांडी. सांगाडा आपण जपून उतरवतो, कारण काडी मोडली तर पुन्हा बांधत बसावे लागते. भांड्यांना मात्र चिंच, राख आणि रांगोळी यांच्या तोंडी दिले जाते. आणि त्यातून जी जगतात वाचतात त्यांची रवानगी सराफाच्या तराजूत होते. वाचकहो, सणासुदीला कडू बोलू नये हे मला कळते. पण ज्या आठवड्यात हा अपराध घरोघर घडतो त्याच आठवड्यात तो बोलून दाखवायला हवा, म्हणून फराळाच्या ताटात हे कारले वाढते आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, चोरांनी आपल्या घरांचे जितके वाटोळे केले नसेल तितके या तराजूने केले आहे. चोर नेतो तेव्हा निदान आपण हळहळतो. तराजूत घालताना आपण हसतो, वर पेढे आणतो. २०२५ च्या दिवाळीत चांदीचा भाव किलोमागे दीड लाखाच्या वर गेला, आणि आमच्या पिंपळगावात काय किंवा नाशिकच्या सराफ बाजारात काय, जुन्या वाट्या, गडू, पंचपात्र्या पिशवीत घालून निघालेल्या माणसांची रांग लागली. जगात हे पूर्वीही झाले आहे. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे चमचे आणि चहाची किटल्या-ताटे भट्टीत घातली. भाव काही आठवड्यांतच कोसळला. भट्टीतले चमचे काही परत आले नाहीत.

रांगेतल्या माणसाचे पुढे काय होते ते सांगते. सराफ एकेक वस्तू कसोटीवर घासतो. जिचा कस उतरला ती तराजूच्या पारड्यात जाते, आणि जिचा नाही उतरला ती काउंटरवरून मागे सरकवली जाते. “हे जर्मन आहे, घरी न्या.” एवढे दोन शब्द, की त्या वस्तूची किंमत संपली. आणि आपल्या मराठी भाषेची गंमत अशी की खेड्यापाड्यांत ‘जर्मन’ म्हणजे ॲल्युमिनियम. सराफाच्या मनात असते ‘जर्मन सिल्व्हर’, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते चेपलेले पांढरे पातेले. आजीचे तबक घरी येते ते ‘खोटे’ ठरूनच. मग त्यात कुंडी ठेवतात, किंवा कोंबड्यांना पाणी.

मला भांडायचे आहे ते या ‘खोटे’ शब्दाशी.

तांब्याच्या पातेल्याला आपण कथलाची कल्हई लावतो. त्याला कोणी ‘खोटे कथील’ म्हटल्याचे ऐकले आहे का? देवळाच्या कळसाला सोन्याचा पत्रा चढवला तर कळस खोटा होतो का? मग मुलामा दिलेल्या तबकानेच असे काय पाप केले? बरे, हे तबक लबाडी तरी करते का? ते उलटे धरा. पुष्कळदा त्याच्या बुडाशी इंग्रजी चार अक्षरे ठोकलेली सापडतील : ई, पी, एन, एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने मुलामा दिलेले. ज्या वस्तूने आपली कुळकथा आपल्याच अंगावर लिहून ठेवली, तिला खोटे म्हणणे आणि ती न वाचणाऱ्या आपल्याला शहाणे म्हणणे, हा न्याय कुठला?

थोडी हकीकत सांगितली पाहिजे. तांबे, निकेल आणि जस्त यांचा एक पांढरा मिश्रधातू आहे. चिनी कारागिरांना तो आधीपासून ठाऊक होता. जर्मनांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनवून बाजारात आणला, म्हणून जर्मन सिल्व्हर. नावात चांदी, अंगात चांदीचा कणही नाही. (आज लग्नामुंजीत वाटायला ‘जर्मन सिल्व्हर’ची जी तबके-निरांजने येतात त्यांच्या खोक्यांवरचे नाव वाचून भारावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) त्याच्याही आधी, १७४० नंतरच्या काळात, शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून जोडण्याची आणि मग दोन्ही एकत्र लाटण्याची युक्ती काढली होती. ते ‘शेफील्ड प्लेट’. कडा झिजल्या की आतून तांबूस रंग डोकावतो, ती त्याची ओळख. पुढे १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या प्रवाहाने चांदी चढवण्याचे पेटंट घेतले आणि सगळा व्यापारच पालटला. सरदारांच्या मेजावरची ताटे कारकुनाच्या मेजावर आली. आगबोटी, रेल्वेची उपाहारगृहे, साहेबांचे क्लब, पलटणींच्या खाणावळी, सगळीकडे हा माल गेला. आर्मी अँड नेव्ही कंपनीने १८९१ मध्ये मुंबईत दुकान काढले. आमच्या जिल्ह्यात देवळालीची छावणी, मनमाड-इगतपुरीची रेल्वे. अशा वाटांनी इंग्रजी तबके वाड्यांत शिरली आणि त्यांत विडे, अक्षता, हळदकुंकू मांडले जाऊ लागले. विलायती तबकात सुपारी मांडणारी ती बाई मला विलायती तबकात केक मांडणाऱ्या मडमेपेक्षा अधिक कल्पक वाटते, पण ते असो.

येथे दुसऱ्या बाजूच्या लोकांचाही समाचार घेते. सराफाला सगळेच ‘जर्मन’ दिसते, तर काही घरांना सगळेच ‘पेशव्यांनी दिलेले’ दिसते. आमच्या निफाड तालुक्यात पेशव्यांनी जितकी तबके वाटल्याचे मी ऐकले आहे तितकी खरेच वाटली असती तर शनिवारवाड्यात जेवायला पत्रावळीच उरल्या असत्या. एका घरी असेच एक तबक मोठ्या भक्तिभावाने माझ्यापुढे ठेवले गेले. बुडाशी चारही अक्षरे ठळक. पेशवाई बुडाली १८१८ साली, विजेच्या मुलाम्याचे पेटंट १८४० चे. जे तबक जन्मायला बावीस वर्षे अवकाश होता ते श्रीमंतांनी दिले कसे? मी हे बोलून दाखवले तेव्हा यजमानांनी चहा आणायला सांगितले होते ते परत सांगितले नाही. पण माझा राग दंतकथेवर नाही. राग याचा की त्या दंतकथेपायी खरा देणारा पुसला गेला. कोणीतरी ते तबक घेतले होते, पगारातून पैसे साठवून घेतले असेल. त्या माणसाला हाकलून आपण तिथे पेशवा बसवला.

मग ओळखायचे कसे? येथे मी शाळेतल्या फळ्यापुढे उभी आहे असे समजा; खडूची पूड अंगावर उडाली तर क्षमा करा. आम्लाचा थेंब टाकून बघण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. डाग कायमचा राहतो. त्याऐवजी आर्किमिडीजला घरी बोलवा. स्वयंपाकघरातला आकडे दाखवणारा काटा घ्या. फुलपात्र कोरडे तोला. समजा ते १२६ ग्रॅम भरले. आता काट्यावर पाण्याने भरलेले रुंद भांडे ठेवून आकडा शून्य करा आणि फुलपात्र दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असे धरा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील तेवढे पाणी भांड्याने बाजूला सारले. काटा १२ दाखवीत असेल तर १२६ भागिले १२, म्हणजे साडेदहा : चांदी. काटा पावणेपंधराच्या आसपास गेला तर भागाकार साडेआठच्या जवळ येतो : पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, वर चांदी असो वा नसो. मुलामा डोळ्यांना फसवील, पाण्याला नाही. मात्र आत लाख भरलेल्या समया, लाकडी मुठीच्या किटल्या आणि पोकळ दांड्यांना हा हिशेब लावू नका.

खुणा वाचणे ही याहून गोड विद्या आहे. इंग्रजी अस्सल चांदीवर चालणारा सिंह असतो. तो शेकडा साडेब्याण्णव चांदीची ग्वाही देतो. शेजारी नांगर असला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड असले तर लंडन, आणि १९७४ पर्यंतचा शेफील्डचा माल असेल तर मुकुट. मुलाम्याच्या कारखानदारांनी यावरून एक चलाखी केली : ई-पी-एन-एस ही अक्षरे वेगवेगळ्या चार छोट्या ढालींत, वळणदार लिपीत ठोकली, म्हणजे दुरून हॉलमार्क वाटावा. खोटेपणाचा आरोप करायचाच असेल तर तो इथे करा, तबकावर नव्हे. ढालीतले ‘ई अँड को’ म्हणजे एल्किंग्टन, निशाणातले ‘डब्ल्यू अँड एच’ म्हणजे वॉकर अँड हॉल, तुतारीची खूण जेम्स डिक्सनची. ‘आर डी’ अक्षरांपुढे आकडा असेल तर तो नक्षीच्या नोंदणीचा. ती क्रमवारी १८८४ मध्ये सुरू झाली आणि आकड्यावरून नोंदणीचे साल काढता येते. त्याआधी, १८४२ पासून, चौकटीच्या आकाराची खूण असे. ‘मेड इन इंग्लंड’ असे सविस्तर लिहिलेले असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातली.

आपल्याकडच्या अस्सल चांदीवर मात्र सरकारी छाप नसे, कारण इंग्रजी अमदानीत तशी सक्तीची तपासणी येथे कधी नव्हतीच. आपला सरकारी हॉलमार्क चांदीवर आला तो २००५ मध्ये. म्हणून पणजीच्या वाटीवर छाप नाही यावरून ती हलकी ठरत नाही. भुजचे उमरशी मावजी, मद्रासचे पी. ऑर, कलकत्त्याचे हॅमिल्टन अशा काहींनी आपली नावे ठोकली. परदेशी अभ्यासकांनी हे काम मनावर घेतले : विनयार्ड विल्किन्सन यांनी हिंदुस्थानात काम केलेल्या युरोपीय रुपेकारांच्या खुणांचे पुस्तक १९७३ मध्ये काढले. आमच्या नाशिकचा भांडी बाजार आणि तांबट आळी इतकी नावाजलेली, पण तिथल्या दुकानांच्या ठशांची अशी वही एखाद्या मराठी माणसाने बसून केली तर मी तिचे पाय धरीन.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढे कागद काळे करते आहे तिच्याकडे येते. कारखान्याच्या खुणेपेक्षा मोठी खूण भांड्याच्या काठाशी असते. ‘नाव घालणे’ हा आपल्याकडचा जुना प्रघात. छिन्नीने टिंब टिंब ठोकून घातलेले नाव. गावच्या एका घरातून गेल्या वर्षी एक चांदीची वाटी आणि एक तबक सराफाकडे गेले. वाटी वितळली. तबक ‘जर्मन’ ठरून परत आले आणि म्हणूनच वाचले. त्याच्या काठावर काही ‘वेलबुट्टी’ आहे असे घरचे म्हणत. ती वेलबुट्टी नव्हती, मोडी अक्षरे होती. मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे ते नेले. निघाले एका मुलीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, मनमाड, आणि शके १८३३. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा : १९११. घरातल्या कोणालाही हे नाव ऐकून ठाऊक नव्हते. अर्ध्या तासाने सगळ्यात म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, “अगं, ही तर मोठी आई. माहेरचं नाव असणार तिचं.”

आपल्याकडे लग्नात सुनेचे आडनावच नव्हे, नावही बदलत. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहिले की जुनी मुलगी संपली. वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. त्र्यंबकेश्वरला आणि नाशिकला क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या आहेत, आणि ज्याला आपले घराणे शोधायचे त्याने त्या जरूर पाहाव्यात. यात्रेला बरोबर आलेल्या बायकांची नावेही त्यांत सापडतात. पण तीही बहुधा सासरचीच. मग तेरा वर्षांच्या त्या मुलीचे स्वतःचे नाव जगात कुठे राहिले? रुखवतात आलेल्या भांड्यावर. सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या हजेरीपटावर नाही, घराच्या दारावर तर नाहीच. एका तबकावर. आणि वितळलेल्या वाटीवर काय होते ते आता कोणीच सांगू शकणार नाही. तिच्या काठावरही ‘वेलबुट्टी’ होती, एवढेच आत्याबाईंना आठवते.

म्हणून मला सराफाचा ‘खरे’ आणि ‘खोटे’ हा हिशेब मान्य नाही. त्याच्या लेखी वाटी खरी होती, ती गेली. तबक खोटे होते, आणि एका माणसाचे नाव त्याने एकशे चौदा वर्षे सांभाळले.

हा रोग भांड्यांपुरता नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी घ्या. जुनी जर म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचे पाणी. म्हणजे तोही मुलामाच की. गल्लोगल्ली ‘जुनी जर’ म्हणून ओरडत येणाऱ्यांना आमच्या आज्यांच्या पैठण्या विकल्या गेल्या, आणि त्या जाळून राखेतून चांदी काढली गेली. चार-सहा महिने माग चालवून विणलेले पदर एका काडीत गेले. उलट पुण्यात दिनकर केळकर नावाचा गृहस्थ, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा, आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती गोळा करीत हिंडला. ज्या वस्तू लोकांना अडगळ वाटत त्या त्याने दिवंगत लेकाच्या नावाने संग्रहालयात मांडल्या आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. तिथल्या अडकित्त्यांत चांदी किती तोळे निघेल असे विचारणारा प्रेक्षकही एखादा भेटतोच म्हणा.

आणि घासणाऱ्यांनो, तुम्हीही सुटत नाही. चांदी काळी पडते ती मळाने नव्हे, हवेतल्या गंधकाशी तिचा संयोग होऊन. आमच्या गावात तर बोलायलाच नको. कांदा हाच आमचा देव, आणि कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य गंधकाचेच. तो काळा थर राखेने खरवडता तेव्हा त्याच्याबरोबर चांदीही जाते. भरीव वाटीला ते परवडते. मुलाम्याची जाडी केसाच्या जाडीच्या काही अंशाइतकी; दहा दिवाळ्यांत तबकाची हाडे दिसू लागतात, आणि टिंबांनी ठोकलेले नाव त्याआधीच सपाट होते. मऊ कापड, कोमट पाणी, सौम्य साबण पुरे. फारच काळे असेल तर कढत पाण्यात खाण्याचा सोडा घालून, तळाशी ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून, भांडे त्याला टेकवून बुडवा. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमला धरते आणि चांदी जागच्या जागी राहते. नक्षीच्या खाचांत मुद्दाम राखलेला काळा रंग असेल, किंवा आत लाख असेल, तर मात्र हे करू नका. पुन्हा मुलामा देऊन ‘नवे कोरे’ करून आणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे : नव्या कोऱ्याचीच हौस होती तर बाजार काय ओस पडला होता?

आता मला उलट विचारतील, “बाई, गारपिटीत द्राक्षबाग झोपली, सोसायटीचे कर्ज डोक्यावर, पोरीची फी भरायची, आणि तुम्ही आम्हाला टिंबे वाचायला सांगता?” हा प्रश्न खरा आहे आणि मी त्याला नाक मुरडीत नाही. चांदी अडीनडीला मोडण्यासाठीच बायकांनी साठवली. पणजीने ती वाटी दुष्काळात स्वतःच मोडली असती आणि मागे वळूनही पाहिले नसते. मोडा. पण मोडण्यापूर्वी काठ वाचा. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवा, नाव उमटते. त्याला दोन मिनिटे लागतात. हातात फोन आहे, त्याने बुडाचा, काठाचा फोटो घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कोणाचे, कुठले, कधीचे हे वहीत लिहा. एवढे करून खुशाल तराजूत घाला. गरजेपोटी मोडणाऱ्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते द्राक्षांच्या पैशावर दुमजली बंगला बांधून, दिवाणखान्यात काचेचे कपाट करून, त्यात ‘जुने दिसणारे’ नवे कंदील आणि घंगाळे मांडणाऱ्यांशी. ज्यांची खरी जुनी भांडी त्या कपाटाच्या सुताराचे बिल भागवायला गेली.

परदेशी स्थायिक झालेल्या लेकी-सुनांना जाता जाता एक सांगून ठेवते. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजीचे तबक सूटकेसमध्ये कोंबण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. विमानतळावर रडून उपयोग नाही.

आणि सराफ मंडळींकडे एक मागणी आहे. मोडीच्या पावतीवर तुम्ही वजन लिहिता, भाव लिहिता, घट लिहिता. त्याखाली एक रकाना वाढवा : वस्तूवरील नाव. भट्टीत घालण्यापूर्वी जे कोरलेले असेल ते तिथे उतरवा. वाचता येत नसेल तर ‘मोडी अक्षरे आहेत’ एवढे तरी लिहा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. मी हे आमच्याकडच्या एका पेढीवर बोलले, तर शेटजी हसून म्हणाले, “बाई, नावाला भाव नाही लागत.” मी म्हटले, लावू नका, पण लिहा. त्यांनी पावतीपुस्तक उलटून मागच्या कोऱ्या बाजूकडे पाहिले आणि म्हणाले, जागा तर आहे.